काळीवर घर बांधताना : फरशी का फुगते आणि ती कशी टाळावी



आपल्याकडे गावच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग मानले जातात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या पिढ्यांनी घरे पांढरीत बांधली. गेल्या काही दशकांत गावठाणात जागा पुरेनाशी झाली, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, विहिरीवर वीज आली, वाटेवर मुरूम पडला आणि अनेक कुटुंबे रानात राहावयास गेली. अशा रीतीने घर पांढरी सोडून काळीवर आले. बांधण्याची पद्धत मात्र पांढरीवरचीच राहिली.

याचे परिणाम दोन-तीन पावसाळ्यांनंतर दिसू लागतात. मधल्या खोलीची फरशी पालथ्या परातीसारखी वर येते. दार खाली घासू लागते. आतली आडभिंत तिरकी तडकते. फटींतून मुंग्या आणि उंदीर येतात, भिंतीलगतची धान्याची पोती ओल धरतात. गवंड्याला विचारले तर तो म्हणतो, "भराव नीट बसला नव्हता." मग फरशी काढून नवी बसवितात. पुढच्या पावसाळ्यानंतर तीही वर येते. कापूस किंवा ऊस विकून, प्रसंगी कर्ज काढून उभ्या केलेल्या घरात असा खर्च दोनदा-तीनदा होतो आणि दोष जागच्या जागी राहतो. कारण दोष फरशीत नसून तिच्याखालच्या मातीत आणि त्या मातीपर्यंत पोचणाऱ्या पाण्यात असतो.

या लेखात फरशी फुगण्याची कारणे, मातीची पारख, नवे घर बांधताना घ्यावयाची काळजी आणि जुन्या घरातील उपाय यांची माहिती दिली आहे.

काळी माती का फुगते?

भारी काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला नव्याने सांगावयास नको. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि काही ठिकाणी त्या एक मीटरहून खोल जातात. मृगाचे पाणी या भेगांतून सरळ खाली उतरते आणि आषाढ-श्रावणात भेगा मिटून जातात. त्या बुजविण्यास कोणी माती टाकलेली नसते. तीच माती पाणी पिऊन फुगलेली असते. शेतात हे फुगणे सगळीकडे सारखे होत असल्याने डोळ्यांना दिसत नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात चिकण कणांचे प्रमाण मोठे असते आणि त्यांत मॉन्टमोरिलोनाईट गटातील खनिज मुख्य असते. या खनिजाचा कण म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत. दोन पापुद्र्यांमधली पकड ढिली असल्यामुळे त्यांच्यामध्ये पाणी शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. पाणी निघून गेले की पापुद्रे जवळ येतात आणि माती आकसते. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीत केओलिनाईट हे वेगळे खनिज प्रमुख असते. त्याच्या पापुद्र्यांची पकड घट्ट असल्याने त्यांच्यामध्ये पाणी शिरत नाही. म्हणून फरशी फुगण्याची तक्रार कोकणात क्वचित, तर गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी, पूर्णा आणि वर्धा या नद्यांच्या खोऱ्यांतील भारी जमिनींवर नित्याची असते.

मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असेल, तर फुगवटा आणखी वाढतो. म्हणून चोपण जमिनीवर तसेच अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात घर बांधताना अधिक सावध असावे.

भिंतीपेक्षा फरशी आधी का उचलते?

यामागे साधा हिशेब आहे. दहा सेंटीमीटर काँक्रीट, त्यावर गिलावा आणि शहाबादी फरशी यांचे एकत्र वजन एका चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भरते. भारी काळ्या मातीचा फुगण्याचा दाब मात्र चौरस सेंटीमीटरला एक किलो किंवा त्याहून अधिक असू शकतो. म्हणजे चौरस मीटरला १०,००० किलो, अर्थात दहा टन. चारशे किलोंची फरशी हा दाब कशी रोखणार?

भिंतीचे तसे नसते. भिंत, तिच्यावरचा स्लॅब आणि पायाचे दगड मिळून पायाखाली चौरस मीटरला चार-पाच टन भार येतो. शिवाय पाया खोल असतो आणि खोलवर ओलावा फारसा कमी-जास्त होत नाही. म्हणून भिंत बहुधा जागेवर राहते आणि हलकी फरशी उचलली जाते. फरशीवर उभी केलेली अर्ध्या विटेची आडभिंत फरशीबरोबर उचलते आणि तडकते ती याच कारणाने. माती फारच फुगणारी असेल, तर मुख्य भिंतींनाही तडे जातात.

आता फरशी नेमकी मधोमध का वर येते ते पाहू. उघड्या रानातून उन्हाळाभर ओल उडून जात असते. जागा काँक्रीटने झाकली की वर येणारी ओल फरशीखाली अडकते. खालून ओल येतच राहते, वर जाण्यास वाट नसते. त्यामुळे घराच्या मध्यभागी माती वर्षागणिक ओली होत जाते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकते आणि पावसाळ्यात भिजते. मध्य कायमचा फुगलेला आणि कडा वर-खाली होणाऱ्या, अशी ही स्थिती असते. पूर्वी शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीतून ही ओल हळूहळू निघून जात असे. थोडा उंचवटा आला तर खोऱ्याने तासून पुन्हा सारवण करता येत असे.

फरशीखाली पाणी येते कोठून?

१) छपराचे पाणी : दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद छपरावर ७०० मिलीमीटर पाऊस पडला, तर पावसाळ्यात ५६,००० लिटर पाणी गोळा होते. पन्हळ नसेल तर हे सारे पाणी भिंतीच्या कडेला, पायाशीच पडते.

२) न्हाणी, मोरी आणि स्वयंपाकघर : मोरीच्या कोपऱ्यातील फट, नळीचा ढिला सांधा, भांडी घासण्याच्या जागेचे उघडे पाणी ही रोजची कारणे आहेत. ज्या गळतीखाली लिटरची बाटली वीस मिनिटांत भरते, त्या गळतीतून दिवसाला ७२ लिटर आणि महिन्याला दोन हजारांहून अधिक लिटर पाणी जमिनीत मुरते.

३) शोषखड्डा आणि संडासाची टाकी : सांडपाण्यासाठी शोषखड्डा चांगला, पण काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. भिंतीलगत खड्डा घेतला तर ते आडवे पसरून घराखाली येते.

४) परसबाग : भिंतीला लागून अळू, केळी किंवा फुलझाडांचे वाफे केले की तेथे रोज पाणी दिले जाते.

५) कालवा, चारी आणि पाटपाणी : लाभक्षेत्रात निचरा नसेल तर भूजलाची पातळी वाढते. चारीच्या खालच्या अंगाला घर असेल तर पाझर सरळ पायापर्यंत येतो.

६) तोडलेले झाड : मोठे झाड खोलवरची ओल ओढून माती सुकी ठेवते. ते तोडून लगेच त्या जागी घर बांधले तर पुढील काही पावसाळ्यांत ती सुकी माती पुन्हा ओल धरते आणि फुगते.

दोष ओळखावा कसा?

प्रत्येक उचललेल्या फरशीचे कारण काळी माती असतेच असे नाही. खर्च करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

* खोलीचा मध्य उंच, दार खाली घासते, आडभिंतीला तिरके तडे आणि पावसाळा-उन्हाळ्यानुसार फटींत फरक पडतो : माती फुगण्याची ही लक्षणे आहेत.
* फरशी खचलेली, भिंतीच्या कडेला फरशी आणि पट्टी यांत फट, ठोकल्यास पोकळ आवाज : भराव बसला आहे.
* उन्हाळ्यात भर दुपारी एक-दोन ओळींतील फरश्या तंबूसारख्या उभ्या राहतात, खालचे काँक्रीट मात्र सपाट : फरश्या सांधे न ठेवता बसविल्या आहेत आणि उष्णतेने प्रसरण पावल्या आहेत.
* फरशीवर पांढरी भुकटी, पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात : ओलीबरोबर क्षार वर येत आहेत.

शंका राहिल्यास सर्वांत उंच भागातील एक फरशी काढून पाहावी. फरशी आणि काँक्रीट यांच्यामध्ये पोकळी असेल तर दोष वरचा आहे. काँक्रीटच उचलले असेल तर दोष मातीचा आहे.

याबरोबर मोजमापही ठेवावे. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने खोलीच्या चारही भिंतींवर एकाच पातळीत खुणा कराव्यात. समोरासमोरच्या खुणांवर दोरी ताणून ठरावीक जागी फरशीपर्यंतचे अंतर मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. मेअखेर, सप्टेंबरअखेर आणि जानेवारी अशा तीन नोंदी वर्षभरात झाल्या की फरशी किती हलते आणि अजून हलते आहे का, हे स्पष्ट होते. तड्यावर प्लॅस्टरची पट्टी लावून तीवर तारीख टाकावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे.

मातीची पारख

खतांच्या शिफारशीसाठी केलेल्या माती परीक्षणाच्या अहवालात फुगवट्याचा आकडा सहसा नसतो. त्यासाठी वेगळी आणि सोपी चाचणी आहे. ती पुढीलप्रमाणे घरीही करून पाहता येते.

घराच्या जागेवर सुमारे दोन मीटर खोल खड्डा घ्यावा. ६० सेंटीमीटर, १ मीटर आणि दीड मीटर खोलीवरची माती वेगवेगळी घ्यावी. ती पूर्ण वाळवून, कुटून, बारीक वस्त्रातून गाळावी. एकाच मापाच्या, सरळ आणि अरुंद अशा दोन काचेच्या नळ्या घ्याव्यात. प्रत्येकीत दहा ग्रॅम माती घालावी. एकीत रॉकेल आणि दुसरीत बॅटरीचे शुद्ध पाणी भरून, ढवळून, हवेचे बुडबुडे निघू द्यावेत. नळ्या २४ तास न हलविता ठेवाव्यात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतील मातीच्या थराची उंची मोजावी.

समजा, रॉकेलमध्ये थर २० मिलीमीटर आणि पाण्यात ३५ मिलीमीटर भरला. वाढ १५ मिलीमीटर झाली. १५ ला २० ने भागून १०० ने गुणले की ७५ टक्के हा मुक्त फुगवटा येतो. भारतीय मानकाप्रमाणे मुक्त फुगवटा ५० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास धोका कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० च्या पुढे अतिशय जास्त समजतात. घरची चाचणी अंदाजापुरती असते. फुगवटा ५० टक्क्यांच्या वर दिसल्यास जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्यावी आणि पायाचा आराखडा अभियंत्याकडून करून घ्यावा. घराच्या एकूण खर्चाच्या मानाने हा खर्च अल्प असतो.

नवे घर बांधताना

जागेची निवड : रानात घर बांधावयाचे असले तरी सर्वांत भारी जमीन घरासाठी देऊ नये. बहुतेक शेतांत एखादा मुरमाड, चढाचा तुकडा असतो. तो पिकाला कमी आणि घराला उत्तम. नाल्याकाठ, चारीच्या खालची बाजू आणि पाणी साचणारा सखल भाग टाळावा. मोठे झाड तोडलेल्या जागी किमान दोन पावसाळे जाऊ द्यावेत.

काळीचा थर उथळ असल्यास : मुरूम किंवा कच्चा खडक मीटर-सव्वा मीटरवर लागत असेल तर घराच्या संपूर्ण जागेतील काळी माती काढून टाकावी आणि पाया मुरमावर घ्यावा. निघालेली माती हलक्या रानात पसरावी, तेथे ती सोन्यासारखी उपयोगी पडेल.

काळीचा थर खोल असल्यास : आपल्या देशातील खोल काळ्या जमिनीत ओलाव्यामुळे होणारी हालचाल साधारणपणे साडेतीन मीटर खोलीच्या खाली नगण्य होते. यासाठी भिंतींचा भार त्या खोलीपर्यंत नेणारे, तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे खांब वापरतात. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या देशात रूढ केली. कंदाचा व्यास खांबाच्या व्यासाच्या साधारण अडीच पट असतो. खांबांवर काँक्रीटची तुळई घालून तिच्यावर भिंत उभारतात. ही तुळई मातीवर टेकवू नये. तिच्याखाली किमान ८ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे माती फुगली तरी तुळई उचलली जात नाही. हे काम जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

जोत्यातील भराव : सर्वाधिक चूक येथेच होते. पायाच्या चरांतून निघालेली काळी माती वाहून नेण्याचा खर्च वाचावा म्हणून तीच जोत्यात भरली जाते. म्हणजे फुगणारी माती आपण स्वतःच फरशीखाली आणून ठेवतो. काळ्या मातीचे एक घमेलेही जोत्यात पडू देऊ नये.

फरशीखालची काळी माती सुमारे एक मीटर खोल काढून तेथे चांगला मुरूम भरावा. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर विस्तृत संशोधन केले. चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर वर असेल, तर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा मोठ्या प्रमाणात आटोक्यात राहतो, असे त्यांनी दाखवून दिले. कर्नाटकातील मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली गेली. आपल्याकडील चांगल्या मुरमात हे गुण असतात. शिवाय एक मीटर मुरमाचे वजनच चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास भरते. नुसत्या फरशीच्या चारशे किलोंशी त्याची तुलना करून पाहावी.

मुरूम काळी मिसळलेला नसावा. शंका असल्यास वरील रॉकेलची चाचणी मुरमालाही लावावी. एकदम सगळा न भरता १५ सेंटीमीटरचे थर द्यावेत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपावा. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीला एक मीटर जाडीचा पक्का भराव म्हणजे १२ घनमीटर होतो. सैल मुरूम चोपल्यावर बसतो, हे धरून अशा खोलीसाठी साधारण सव्वापाच ब्रास मुरूम लागेल. तो आणण्याची सोय आधीच करावी.

काळ्या मातीवर नुसती वाळू भरणे योग्य नाही. वाळूतून पाणी सहज पसरते, तिच्यात साठून राहते आणि खालच्या काळ्या मातीला सतत भिजवत राहते.

फरशी शेवटी घालावी : उन्हाळ्यात भेगाळलेल्या कोरड्या मातीवर घाईने फरशी घातली, तर पुढे ती माती फुगणारच. मुरमाचा भराव चोपून शक्य असल्यास एक पावसाळा जाऊ द्यावा आणि फरशी हिवाळ्यात घालावी. फरशीचे काँक्रीट भिंतीला चिकटवू नये. कडेने सुमारे १२ मिलीमीटरची फट ठेवून ती डांबरी पट्टीने भरावी. मोठ्या खोलीत काँक्रीटचे लहान चौकोन पाडावेत. आडभिंत फरशीवर उभी न करता तिला स्वतंत्र तुळई द्यावी. माती अतिशय फुगणारी असल्यास फरशीचा स्लॅब जोत्याच्या तुळयांवर टेकवून खाली पोकळी ठेवावी. खर्च वाढतो, पण फरशीचा मातीशी संबंधच राहत नाही.

घराभोवतीची व्यवस्था : जोते भोवतालच्या जमिनीपासून ४५ ते ६० सेंटीमीटर उंच असावे. चोहोबाजूंनी दीड मीटर रुंद फरसबंदी करावी आणि तिला बाहेरच्या बाजूस किमान ५ सेंटीमीटर उतार द्यावा. फरसबंदीखालीही मुरूम भरावा. तिच्या बाहेर गटार काढून पाणी दूर न्यावे. छपराला पन्हळ बसवून पाणी गटारात किंवा विहीर पुनर्भरणाच्या चरात सोडावे. शोषखड्डा आणि संडासाची टाकी घरापासून किमान सहा मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस घ्यावी. सांडपाण्यावरची केळी आणि अळूही तेथेच लावावेत. मोठी होणारी झाडे, विशेषतः निलगिरी, वड आणि पिंपळ, त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीएवढ्या अंतरावर असावीत. जवळ असल्यास ती माती सुकवतात आणि घर खचण्याचा उलटा धोका निर्माण होतो.

जुन्या घरातील उपाय

फरशी आधीच वर आली असेल तर ती फोडण्याची घाई करू नये. पुढील क्रमाने जावे.

पहिले काम पाणी थांबविणे. नळांचे सांधे, मोरी, न्हाणी आणि सांडपाण्याची नळी तपासावी. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीतील पाण्याची पातळी पाहावी. सकाळी ती उतरलेली दिसली तर गळती आहे. पन्हळ आणि फरसबंदी करावी, भिंतीलगतचे वाफे आणि शोषखड्डा हलवावा. कित्येक घरांत एवढ्यानेच फरशीची वाढ थांबते.

दुसरे काम थांबून पाहणे. वर सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या नळीने वर्षभर नोंदी ठेवाव्यात. ओल कमी होण्यास वेळ लागतो. हालचाल चालू असताना बसविलेली नवी फरशी पुन्हा उचलते.

तिसरे काम दुरुस्ती. हालचाल थांबल्यावर उचललेल्या खोलीतील फरशी आणि काँक्रीट काढावे. ६० ते ९० सेंटीमीटर काळी माती काढून मुरूम थराथराने चोपून भरावा. खोदाई पायाच्या तळाखाली कधीही जाऊ देऊ नये आणि भिंतीलगत एकदम सलग चर घेऊ नये. पाया उथळ असेल तर खोदाई तेवढ्यावरच थांबवावी. मुरूम मिळणे कठीण असल्यास काढलेली माती कुटून, सुकवून, तिच्यात वजनाच्या ४ ते ६ टक्के विझविलेला चुना सारखा मिसळावा, पाणी देऊन चोपावी आणि आठवडाभर ओलसर ठेवावी. चुन्यातील कॅल्शियम मातीतील सोडियमची जागा घेते आणि फुगवटा कमी होतो. चोपण जमीन सुधारताना जिप्सममुळे हेच घडते. चुना हाताळताना डोळे, नाक आणि हात झाकावेत. मुलांना दूर ठेवावे.

मुख्य भिंतीचा तडा पाच मिलीमीटरपेक्षा रुंद झाला असेल, भिंत ओळंब्यात नसेल किंवा स्लॅब टेकलेल्या जागी तडे दिसत असतील, तर घरगुती उपाय करीत बसू नये. त्वरित अभियंत्याला दाखवावे आणि त्या खोलीत झोपणे बंद करावे.

काही चुकीच्या समजुती

"जाड काँक्रीट घातले की फरशी उठणार नाही." दहाऐवजी वीस सेंटीमीटर काँक्रीट घातले तरी वजन चौरस मीटरला २४० किलोंनीच वाढते. दहा टनांच्या दाबापुढे ते काहीच नाही.

"खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला की झाले." कागदामुळे फरशीवर ओल येत नाही, पण कागदाखालची माती फुगावयाची थांबत नाही.

"उन्हाळ्यात फरशी आपोआप खाली बसेल." कडेचा भाग थोडा बसतो. मध्यभागी झाकलेली माती सुकत नाही, म्हणून तेथील उंचवटा बहुधा तसाच राहतो.

लक्षात ठेवा

* घरासाठी मुरमाड, चढाची जागा निवडा आणि बांधण्यापूर्वी खड्डा घेऊन मातीचा फुगवटा तपासा.
* जोत्यात काळी माती भरू नका. फरशीखाली सुमारे एक मीटर चोपलेला मुरूम द्या.
* छपराचे, मोरीचे आणि परसाचे पाणी पायाशी मुरू देऊ नका.
* फरशी आणि आडभिंती सर्वांत शेवटी, मातीची हालचाल ओळखून करा.
* जुन्या घरात आधी पाणी थांबवा, वर्षभर मोजा आणि मगच फरशी काढा.

जमिनीला वापसा आल्याशिवाय आपण तिफण जुंपत नाही. पाणी जास्त झाले तर चर काढतो आणि कमी झाले तर पाळी देतो. काळीला ओळखून वागण्याचे हे शहाणपण शेतकऱ्याच्या अंगी पिढ्यान्पिढ्या आहे. घराची जागा ठरविताना आणि जोते भरताना तेच वापरले, तर आयुष्यभराच्या कमाईची फरशी दरसाल फोडण्याची पाळी येणार नाही.